अकरावी नळी

कत्तिरी लागली. पंचांगात तिचं नाव अग्निनक्षत्र, पण तंजावुरात तमिळ असोत की आमच्यासारखे राजांच्या मागून आलेले मराठी, सगळे कत्तिरीच म्हणतात. वैशाखाच्या सुमाराला सुरू होते आणि तीनेक आठवडे माणसाला धरून बडवते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सकाळी दहानंतर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाला हात लावला की चटका बसतो, दाराची कडी पदरानं धरावी लागते. उन्हाळ्याच्या आठवणी काढताना लोक आंबे, सुट्टी, वाळ्याचं पाणी असलं काहीतरी गोडगोड बोलतात. मला या दिवसांत मारहाण आठवते. माझ्या घरातली.

आज सकाळी वैनी येऊन बसली. रुक्मिणी, माझ्या मोठ्या भावाची बायको. दर वर्षी कत्तिरीच्या पहिल्या दिवशी ती माझ्याकडून रक्त काढून घेते. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण या एका कामाला तिला दुसरं कोणी चालत नाही. खुर्चीत बसते, पदर सावरते, डावा हात पुढे करते आणि मी सांगायच्या आधी मूठ वळते. मी सुई टोचते, नळी भरते आणि म्हणते, आता मूठ सोड. ती सोडत नाही. सुई निघाली, कापूस लावून झाला, तरी थोडा वेळ तशीच धरून ठेवते. मी तिला कारण विचारत नाही, कारण मला ते माहीत आहे.

आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. आमच्यातल्या पुष्कळांना देवनागरी वाचता येत नाही, मलाही येत नव्हती. प्रयोगशाळेनं सहा महिने मुंबईला शिकायला पाठवलं होतं, तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचतवाचत शिकले. म्हणून आज हे लिहिता येतंय. तमिळमध्ये लिहिलं असतं तर अख्ख्या गल्लीनं वाचलं असतं, आणि अजून तेवढं धाडस माझ्यात नाही.

परदेशी माल देशात नुकता मोकळा झाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. त्याआधी बाहेरचं एखादं किट मागवायचं तर परवान्याच्या फायली फिरतफिरत म्हाताऱ्या व्हायच्या. आता गळ्यात टाय बांधलेले एजंट भर उन्हात बर्फाच्या पेट्या घेऊन दारात उभे राहू लागले. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते इरेला पेटले होते. थायरॉइडची तपासणी आपण इथेच, आपल्या हातानं बसवायची आणि ती त्या पेट्यांतल्या तपासणीइतकीच तीक्ष्ण असली पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. आणि त्यांनी मनावर घेतलं की राबायचं मी.

थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. ती आळसावली की मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी ग्रंथी तिला हाका मारते. त्या हाकेचं नाव टीएसएच. आळस जितका जास्त, तितक्या हाका मोठ्या. उलट थायरॉइड उधळली, गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, तर वरची ग्रंथी गप्प बसते. जुन्या तपासणीला मोठ्या हाका नीट ऐकू यायच्या. हळू बोलणं आणि पार गप्प बसणं यांतला फरक मात्र तिला कळायचा नाही. सरांना तो फरक धरणारी तपासणी हवी होती.

काम ऐकायला सोपं आहे. नळीच्या आतल्या भिंतीला टीएसएच धरून ठेवणारं एक प्रतिपिंड चिकटवायचं. त्यात रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. वरून दुसरं प्रतिपिंड सोडायचं. ते त्याच टीएसएचला दुसऱ्या बाजूनं धरतं आणि येताना रंग आणणारं एन्झाइम घेऊन येतं. मग धुवायचं, पुन्हा धुवायचं, बोटं सुरकुतेपर्यंत धुवायचं. टीएसएच असेल तर शेवटी नळी पिवळी होते, नसेल तर पाण्यासारखी राहते. आता हेच कत्तिरीत करून बघा. वीज गेली की खोली भट्टीसारखी तापायची. मग रंग वाटेल तसा चढायचा, आणि सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याला ओळख दाखवायचा नाही. मी नळ्यांचा स्टँड ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवायची आणि विजेवाल्यांना तमिळ, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत शिव्या घालायची.

नॉर्मल म्हणजे किती, हे ठरवायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. रक्त म्हटलं की गावातली माणसं डोक्याला पाय लावून पळायची. मी सरांना म्हटलं, मी आणते. आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका येणार होत्या. मी बाजूच्या खोलीत खुर्ची मांडली, सुया उकळून ठेवल्या. हळदीकुंकू लावून घ्यायचं, पानक प्यायचं, भिजवलेल्या डाळीची मूठ ओटीत घ्यायची आणि माझ्याकडे येऊन हात पुढे करायचा. बायकांनी खूप चेष्टा केली. गौरीला नैवेद्य आणि पद्माला रक्त, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. चोवीस जणींचं रक्त मिळालं. यादीत प्रत्येकीच्या नावापुढे मी ‘निरोगी’ असं लिहून टाकलं. विचारलं एकीलाही नाही. आपल्या माणसांना काय विचारायचं, असंच मला वाटलं होतं.

अकरावी वैनी होती. तिची शीर पटकन सापडली, कारण हातावर मांस उरलं नव्हतं. हात थरथरत होता. अंगाला घामाची धार लागली होती, पण घाम त्या दिवशी कोणाला येत नव्हता? मी म्हटलं, मूठ घट्ट धर. तिनं धरली, आणि मूठसुद्धा थरथरत राहिली. मी तिच्यावर वैतागले. मला उशीर होत होता.

वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. दिवसभर थायरॉइडमध्ये हात घालून बसणाऱ्या बाईला, जिला पुस्तकातली सगळी लक्षणं पाठ होती, तिला स्वतःच्या घरात चालतीबोलती लक्षणं दिसली नाहीत. वैनी दोघांचं जेवण जेवायची आणि हाडं वर यायची. अम्मा, म्हणजे माझी आई, म्हणायची, राक्षसीण शिरली आहे हिच्या पोटात. तिचे डोळे मोठे आणि पुढे आल्यासारखे झाले होते. अम्मा म्हणायची, सासूकडे कशी डोळे काढून बघते बघ. तिला झोप नव्हती, उकाडा सोसवत नव्हता, हातातून भांडी पडत होती. मला ती फारशी आवडत नव्हती, हे न दिसण्याचं एक कारण. दुसरं कारण याहून वाईट आहे. ते सांगते थोड्या वेळानं.

पहिल्यांदा चोवीस नळ्या लावल्या तेव्हा तेवीस पिवळ्या झाल्या, कोणी फिक्या, कोणी गडद. अकरावी पाण्यासारखी स्वच्छ. पिपेटनं घेतलेलं माप चुकलं असेल म्हणून मी परत लावली. परत स्वच्छ. मग वीज गेली, उन्हानं बिघडलं असेल. तिसऱ्यांदा स्वच्छ. मी चिडले आणि वहीत अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारून पुढे ‘चूक’ असं लिहिलं. नळी धुवून ठेवून दिली. यादी उघडून अकरावं नाव कोणाचं, एवढं बघायचेही कष्ट घेतले नाहीत. गंमत अशी की त्याच आठवड्यात सर गावभर थायरॉइड उधळलेला रोगी शोधत होते. टीएसएच खरोखर नसलेलं सीरम मिळाल्याशिवाय आपली तपासणी शून्य ओळखते हे सिद्ध होणार नव्हतं. ते सीरम माझ्याच फ्रिजमध्ये होतं.

घरात मात्र आग लागली होती. एका दुपारी वैनीनं उकळतं सार चुलीवरून उचलून भिंतीवर भिरकावलं. भिंतीवर चिंचेचा ओघळ आणि जमिनीवर पितळेचं भांडं गरगरतंय. एकदा तिनं अण्णाच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. अण्णा, माझा भाऊ श्रीनिवास, शाळेत गणित शिकवायचा. बाहेर त्याच्याइतका सौम्य माणूस नाही. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि तिला माजघराच्या खांबाशी धरून मारलं. ती किंचाळत होती, अम्मा दारं लावत होती. दारं लावायची ती आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी काय करत होते? मी वही आवरून वर गच्चीवरच्या खोलीत गेले. मला आकडे काढायचे होते.

मग तो डांगर पचडीचा दिवस. उडदाच्या पिठाची, दह्यातली ही पचडी आमच्या घरी कत्तिरीत रोज असते. मीठ जास्त झालं म्हणून अम्मा काहीतरी बोलली. वैनीनं वाडगं फेकलं आणि अम्माला दोन्ही हातांनी ढकललं. अम्माचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं, पांढऱ्या केसांतून लाल ओघळ आला. मी धावले आणि वैनीच्या थोबाडीत मारली. एक नव्हे, दोन. माझ्या हाताची बोटं तिच्या गालावर उठली. मला वाटलं ती आता माझ्या अंगावर येईल. ती आली नाही. धापा टाकत उभी राहिली, त्या मोठ्या डोळ्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि एकदम हळू म्हणाली,

“हात तुझा अण्णाचाच आहे, पद्मा.”

ते दुसरं कारण हेच. अण्णा तिला आधीपासून मारत होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आवाज न करता, दंडाला, पाठीला, जिथं दिसणार नाही तिथं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती दचकायची, तिचे हात कापायचे, ती रात्ररात्र जागायची, आणि या सगळ्याला आमच्याकडे आधीच एक कारण होतं, जे आम्ही कधी तोंडानं बोलत नव्हतो. त्यामुळे दुसरं कारण शोधायचं मला सुचलंच नाही. ती गप्प मार खात होती तोवर घरात सगळं ठीक होतं. तिनं उलटा हात उचलला, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटलं की हिला काहीतरी झालंय.

अम्माच्या कपाळाला टाके पडले आणि अण्णानं ठरवून टाकलं. पापनाशमच्या पुढे एका खेड्यात एक माणूस भूत उतरवायचा, वेतानं. अण्णा गणिताचा मास्तर, पण त्याला ते पटलं. मलाही पटलं का? मी विरोध केला नाही एवढं खरं. शुक्रवारी, तिला तिकडे न्यायच्या दिवशी, सकाळी मी प्रयोगशाळेत निघाले तेव्हा वैनी दारात उभी होती, केस मोकळे, अंगावर धड नेसलेलं नाही. मी खाली बघत चप्पल घातली.

त्या दिवशी सरांनी माझी वही मागवली. पानं उलटता उलटता ते थांबले.

“अकरा का खोडलं?”

“चूक झाली होती, सर.”

“तीनदा? आणि तीनही वेळा सारखीच?”

सर रागावले नाहीत, त्यांना फक्त आनंद झाला होता. ते म्हणाले, चूक दर वेळी वेगळी येते, सारखी येते ते उत्तर असतं. कुठून आणलंस हे सीरम, हा रोगी मला हवा आहे. मी यादी काढली. अकरा. रुक्मिणी, घरची, निरोगी. माझंच अक्षर. मग एकेक करून सगळं डोळ्यांपुढे आलं, डोळे, घाम, हाडं, थरथरणारी मूठ, आणि यादी टेबलावर तशीच टाकून मी बाहेर धावले.

पापनाशमची बस मी कशी पकडली आठवत नाही. पत्रा तापला होता, खिडकीतून येणारा वारा तोंडावर भट्टीनं फुंकर मारावी तसा गरम. नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू, आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या भातशेतांची भेगाळलेली जमीन. मी सारखी मनात म्हणत होते, अजून मारलं नसेल, आधी पूजाबिजा करत असतील. बसमधून उतरून मी धावले. चाळिशीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर नाही, रस्त्यावरची माणसं बघत राहिली.

त्यांनी तिला कडुनिंबाच्या झाडाला बांधलं होतं. तोंडावर त्याचाच पाला, केस त्या माणसाच्या मुठीत. पाठीवर वेताचे वळ, काही फुटलेले, त्यांवर माश्या. दर फटक्याला तो तिला तमिळमध्ये विचारत होता, तू कोण, तुझं नाव सांग. आणि ती आपलं नाव सांगत होती. रुक्मिणी. फटका. रुक्मिणी. पुन्हा फटका, कारण त्याला दुसरं नाव हवं होतं. अण्णा बाजूला उभा होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या, नीट जोडून धरलेल्या.

मी त्या माणसाच्या हातातून वेत हिसकावला आणि त्याच्याच तोंडावर ओढला. मग खांद्यावर, मग पाठीवर. कितीदा, ते मोजलं नाही. मला खोटं लिहायचं नाही, मारताना बरं वाटत होतं. लोकांनी मला धरलं तेव्हा मी ओरडत होते की हा आजार आहे, गळ्यातला आजार, माझ्याकडे आकडा आहे. कोणाला काही कळत नव्हतं. वैनीची नाडी बघायला बोटं ठेवली तर ठोके मोजता येईनात, इतके पळत होते. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी दोर सोडले, ती माझ्या अंगावर कोसळली आणि कानाशी म्हणाली,

“घरी नोको.”

मी तिला घरी नेलं नाही. भाड्याची गाडी करून थेट इस्पितळात नेलं. पहिले तीन दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. मग ताप उतरला, हृदय ताळ्यावर आलं. बाकीच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं जे अकराव्या नळीनं तीनदा सांगितलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. आश्विन-कार्तिकातल्या पावसाचे दिवस आले तोवर तिच्या अंगावर मांस धरलं, हात थांबला, डोळे निवले. सरांची तपासणी यशस्वी झाली. मी दोन ठिकाणी जाऊन भाषण दिलं, पडद्यावर आकडे दाखवले, आणि ‘एक रोगी’ असं म्हणत वैनीची गोष्ट सांगितली. झाडाची नाही सांगितली. टाळ्या पडल्या.

घरात तर सणच झाला. आजार होता हो, आजार! अम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, रक्तात दोष होता, आता गेला. अण्णा शाळेत मास्तरांना टीएसएच समजावून सांगायचा. त्या एका शब्दात त्यानं पट्टा धुवून टाकला, खांब धुवून टाकला, लग्नापासूनची सगळी वर्षं धुवून टाकली. आणि तो शब्द त्याच्या हातात मी दिला होता. मला त्याचा राग यायचा, पण मी बोलले नाही. न बोलायची आमच्या घराला जुनी सवय.

पुढच्या वर्षीची कत्तिरी लागली. वैनीला ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागल्याचा कागद आला. लग्नाआधी ती टायपिंग शिकली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुपारी जेवायच्या वेळी तिनं अण्णाला सांगितलं की सोमवारपासून ती बसनं जाणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. अण्णा उठला आणि त्यानं हात उगारला, अगदी सहज, जसा आधी उगारायचा. वैनीनं त्याचं मनगट हवेतच धरलं. ती किंचाळली नाही, काही फेकलं नाही. फक्त धरून ठेवलं, त्याचा चेहरा पांढरा पडेपर्यंत. मग सोडलं. अण्णा मनगट चोळत माझ्याकडे वळला.

“पद्मा, हिचं रक्त घे. परत चढलं आहे.”

अम्मा लगेच म्हणाली, हो, हो, घे बाई, गोळी वाढवायला हवी. वैनी माझ्याकडे बघत होती. मग स्वतःच खुर्ची ओढून बसली, डावा हात पुढे केला आणि मूठ वळली. या वेळी मूठ हलत नव्हती. मी सुई काढली आणि म्हटलं, सोड आता. तिनं सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी नळी लावताना मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, पाण्यासारखी राहू दे. आजार परत येऊ दे. म्हणजे गोळी वाढवू, घर शांत होईल, आणि माझ्या भावाबद्दल मला काही ठरवावं लागणार नाही. इतकी मी नीच झाले होते. रंग यायच्या वेळी मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नळी पिवळी होती, छान, लिंबाच्या सालीसारखी. मी तीनदा लावली. तीनही वेळा सारखंच उत्तर आलं.

दुपारी मी कागद घेऊन घरी आले. केळीची पानं मांडून झाली होती, अण्णा पाटावर बसायच्या बेतात होता. मी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटलं,

“रक्त नॉर्मल आहे. काही चढलेलं नाही. काल तुझं मनगट धरलं ते तिनं धरलं.”

त्यानं आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग कागद उलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं. अम्मा माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघू लागली. आमच्या घरात बायका शेवटी जेवतात, पुरुषांचं झाल्यावर, त्यांच्या उष्ट्या पानावर. वैनीनं भाताचं भांडं उचललं, कोपऱ्यातलं एक कोरं पान घेतलं, मधोमध मांडलं, स्वतःला आधी वाढून घेतलं आणि जेवायला बसली. आम्ही तिघं उभे होतो.